चौथी गोष्ट

पहिल्या दिवशी बुनथानने मला तीन गोष्टी सांगितल्या,
नाम ऊ नदीच्या काठी, बांबूच्या माचीवर:
चपला पायरीखालीच.
पाय कुणाकडे रोखून बसायचं नाही.
जेवण झालं की भाताच्या टोपलीला झाकण लावायचं,
उघडी राहिली तर घरातलं जोडपं तुटतं म्हणतात.
चौथी सांगायची राहून गेली.
त्याचा दोष नाही,
श्वास कसा घ्यायचा हे पाहुण्याला कोण सांगतं?

मी पंपवाला, पाणी गाळायची यंत्रं बसवायला आलेला,
छप्पन्न वर्षांचा, कुरकुरत्या गुडघ्यांचा.
नमस्कार तरी येतो आपल्याला, असं वाटलं होतं;
पण लाओसात नमस्काराला उंची असते.
बरोबरीच्याला छातीशी, थोरांना नाकाशी, भिक्खूंना कपाळाशी.
माझा आठवडाभर पोटाशीच घुटमळला
आणि गावातली पोरं हसून लोळली.

त्यातलाच तुई,
सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला.
पंपाचा नट चिखलात गेला, आम्ही शोधून दमलो.
यानं पायाच्या बोटांनी तो वर काढला
आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला.

माझा हात गेला.
जसा जातो आपल्याकडे, न विचारता,
सरळ टाळूवर, केस विस्कटत.
शाबास, म्हणालो. तेही मराठीत.

हात उचलायच्या आत कळलं.
अंगणातली सुपं थांबली होती.
तुईचं हसू तोंडावरच होतं, पण त्यात आता कुणी राहत नव्हतं.
कुणी ओरडलं नाही,
ओरडले असते तर बरं झालं असतं.
'बो पेन न्यांग,' बुनथान म्हणाला. काही नाही, काही नाही.
आणि नदीकडे बघत राहिला.

रात्री त्यानं सांगितलं, शब्द चाचपत:
माणसात बत्तीस जीव असतात, एकेका अवयवाचे राखणदार.
थोरला डोक्यात राहतो.
परका हात पडला की दचकतो, उडतो,
नदीपलीकडे जातो, वाट विसरतो.
मग आता?
आता बोलवायचे, तो म्हणाला,
जणू चरायला गेलेल्या म्हशींचंच चाललंय.

मला झोप नाही.
माझ्या डोक्यावर पडलेले हात मोजत बसलो.
दहावीच्या निकालाला हेडमास्तरांचा, खडूनं माखलेला.
मावशीचा, तेलकट.
वडिलांचा एकदाच,
तोही मी झोपलोय असं समजून.

सकाळी तुईच्या आजीनं, खामफूईनं,
केळीच्या पानांचा शंकू उभा केला, झेंडू खोचले,
उकडलेली अंडी ठेवली, भाताचे गोळे ठेवले
आणि हाक घातली: या रे, सगळे या,
झाडीतून या, गुहेतून या, पाण्यातून या.
संध्याकाळी कोंबड्या आत घेताना
तिचा हाच आवाज असतो.
मग तुईच्या मनगटाला पांढरा सुती दोरा,
प्रत्येक गाठीत काहीतरी पुटपुटून.

मी दाराशी, अंग चोरून.
माफी मागितली, बुनथानच्या तोंडून.
म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळे खदखदले.
बुनथान म्हणाला, ती म्हणते,
हा इतक्या लांबून आलेला,
याचे निम्मे तर विमानतळावरच राहिले असतील.
हात पुढे कर.

तिची बोटं खरखरीत होती. दोरा मऊ.

निघताना तुई होडीपर्यंत आला.
माझा हात उठला,
सवयीचा गुलाम, खांद्यापर्यंत पोचलासुद्धा.
मी त्याला वाटेतच दुसरा हात भेटवला.
पण सहा वर्षांच्या पोराला नमस्कार किती उंच करायचा,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
नाकाशी थांबलो.

तो हसत सुटला, दात नव्हते तिथून शीळ वाजेपर्यंत.
चुकलंच असणार काहीतरी.